पीएमबी (पॉलिमर मिसळलेलं डांबर) टाकीत वेगळं होऊ नये म्हणून काय काय करायचं: नागपूरच्या उन्हासाठी सविस्तर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की डांबराचं पितळ उघडं पडतं. सिग्नलजवळ, बस थांब्यासमोर, लोडेड ट्रक जिथं रांगत चालतात तिथं चाकाच्या रेषेत खोबणी पडते, आणि मग साइटवर एकच प्रश्न, अरे पीएमबी टाकलं होतं ना, मग असं कसं झालं? बऱ्याचदा रस्त्याची काही चूक नसते, रोलरवाल्याचीही नसते. माल टाकीत असतानाच वेगळा झालेला असतो, पॉलिमर वर आणि साधं डांबर खाली, पंप खालून ओढतो, म्हणजे सकाळच्या डंपरमधे पॉलिमर नावाला आणि संध्याकाळच्या डंपरमधे नको तेवढं. कागदावर पीएमबी, रस्त्यावर दोन वेगवेगळे माल.

हे टाळता येतं. पण त्यासाठी बेस डांबर निवडण्यापासून ते टाकी रिकामी करेपर्यंत सगळीकडे लक्ष द्यावं लागतं. तुम्ही रेडीमेड पीएमबी टँकरने मागवत असाल तर पहिल्या तीन-चार पायऱ्या नुसत्या वाचून ठेवा, सप्लायरला कोणते प्रश्न विचारायचे ते त्यातून कळेल, आणि ट्यूब टेस्टपासून (माल वेगळा होतो का ते पाहायची नळीतली चाचणी) पुढचं मात्र मन लावून वाचा.

आधी ग्रेड कोणता ते ठरवा

सुपरपेव्हचं (डांबर निवडायची अमेरिकन पद्धत) जे समीकरण आहे त्यात हवेतलं सलग ७ दिवसांचं सरासरी कमाल तापमान आणि अक्षांश टाकला की रस्त्याच्या पृष्ठभागाखाली २० मिलिमीटरवर किती ताप असेल ते निघतं. नागपूरसाठी ४५ अंश आणि २१.१५ अक्षांश टाकून पाहा, उत्तर ६७ च्या थोडं वर येतं. ग्रेड ६४, ७०, ७६, ८२ असे ६-६ च्या टप्प्याने असतात, म्हणजे ६४ मधे भागत नाही, ७० पाहिजे, आणि ट्रॅफिक जड किंवा हळू असेल तर अजून एक टप्पा वर, ७६. म्हणूनच आपल्याकडे जड वाहतुकीच्या रस्त्याला आयएस १५४६२ (पीएमबीचं भारतीय मानक) मधला पीएमबी ७६-१० मागतात, हे काही कन्सल्टंटचं खूळ नाही. आणि ७६ पाहिजे म्हणजे पॉलिमर जास्त, पॉलिमर जास्त म्हणजे वेगळं व्हायची भीती जास्त. सगळी गोम इथं आहे.

वेगळं होतं कशाने

डांबरात चार प्रकारचे घटक असतात, सॅच्युरेट्स, अरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. आपण जास्त करून वापरतो ते एसबीएस म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन, ते डांबरात मिठासारखं विरघळत नाही, ते हलके घटक पिऊन फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं, आणि फुगलेले कण डांबरात तरंगत राहतात. एसबीएसची घनता साधारण ०.९४ आणि डांबराची १ च्या थोडी वर, म्हणून कण वर जायला पाहतात. किती वेगाने जातील ते स्टोक्सच्या नियमाने ठरतं: कणाची त्रिज्या निम्मी केली तर वेग चौथाई होतो, घनतेतला फरक कमी केला तर वेग त्याच प्रमाणात कमी, आणि डांबर जितकं पातळ तितका वेग जास्त.

आता या तीन गोष्टींपैकी आपल्या हातात काय आहे ते पाहा. कण बारीक करणं हे मिलचं काम. कण फुगून डांबराच्या जवळ येणं हे बेस डांबर आणि पॉलिमरच्या जोडीचं काम. कण एकमेकांना आणि डांबराला बांधून टाकणं हे सल्फरचं म्हणजे गंधकाचं काम. आणि टाकी उगाच तापवून माल पातळ न करणं हे तुमच्या हॉट ऑइल हीटरवाल्या पोराचं काम. पुढचं सगळं या चारांभोवतीच फिरतं.

पायरी १: बेस डांबर

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं होतं. टँकर आला, व्हीजी-३० (साध्या डांबराचा एक ग्रेड) चं चलान आहे, पेनिट्रेशन (सुई किती आत जाते ते) बसतंय, चला टाका मिलमधे. पण आयएस ७३ चा व्हीजी-३० म्हणजे ६० अंशाला व्हिस्कॉसिटी २४०० ते ३६०० पॉइजमधे बसणारा माल, त्यात अरोमॅटिक्स किती आणि अस्फाल्टीन्स किती हे ग्रेड सांगतच नाही. दोन रिफायनऱ्यांचा व्हीजी-३० कागदावर जुळा भाऊ असतो आणि एसबीएस टाकल्यावर एक शांत बसतो, दुसरा दोन दिवसात वर खाली होतो. अस्फाल्टीन्स जास्त आणि अरोमॅटिक्स कमी असले की एसबीएसला प्यायला काही उरत नाही, ते नीट फुगत नाही. हवा फुंकून कडक केलेलं डांबर तर या कामाला नकोच.

बरेच जण व्हीजी-१० म्हणजे मऊ ग्रेडचा बेस घेतात, त्यात हलके घटक तुलनेने जास्त असतात म्हणून पॉलिमर चांगलं पचतं, कडकपणा मग पॉलिमरने भरून काढायचा. व्हीजी-३० घेतला तर कडकपणा आयता मिळतो पण जोडी जमते का ते तपासावं लागतं. माझं मत, मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी प्रत्येक सोर्सचा एक-दोन लिटर माल लॅबमधे एसबीएसबरोबर घोटून त्याची ट्यूब टेस्ट करून पाहा, त्याला दोन-तीन दिवस लागतात, पण दहा टन माल बिघडण्यापेक्षा ते परवडतं. क्रूड बदललं की डांबर बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीचा रिझल्ट यंदा चालेल असं धरू नका.

जोडी अगदीच जमत नसेल तर अरोमॅटिक एक्स्ट्रॅक्ट ऑइल २ ते ५ टक्के टाकतात, त्याने एसबीएसला पाहिजे ते हलके घटक मिळतात. पण त्याने माल मऊ पडतो, म्हणून ग्रेड परत तपासायचा. आणि गॅरेजमधलं जळलं इंजिन ऑइल टाकायची आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पायरी २: पॉलिमर

एसबीएस दोन प्रकारचं मिळतं, लिनिअर (सरळ साखळीचं) आणि रेडिअल (फांद्या असलेलं). रेडिअलने सॉफ्टनिंग पॉइंट (ज्या तापाला डांबर मऊ पडतं तो) चांगला चढतो, पण ते पचायला वेळ घेतं आणि वेगळंही लवकर होतं. सेटअप साधा असेल तर लिनिअर बरं. प्रमाण नेहमीच्या कामाला ३ ते ४.५ टक्के. त्याच्या बरंच पुढे, ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास गेलं की चित्र उलटं होतं, डांबरात पॉलिमर नसून पॉलिमरच्या जाळ्यात डांबर अशी अवस्था येते, ते हाताळणं सगळ्यांचं काम नाही.

दुसरा रस्ता रिअ‍ॅक्टिव्ह टर्पॉलिमरचा. हे डांबराशी रासायनिक बंध करतं, १ ते २ टक्क्यांत काम होतं, बरोबर पॉलिफॉस्फोरिक अ‍ॅसिड ०.२ ते ०.३ टक्के. वेगळं व्हायची भानगड फारच कमी. पण त्या अ‍ॅसिडचं आणि चुन्याचं किंवा अमाइनवाल्या अँटी-स्ट्रिपिंग एजंटचं (गिट्टीवरून डांबर सुटू नये म्हणून टाकतात ते) जमत नाही, दोघं एकमेकांना मारतात, तेव्हा मिक्समधे आधीच काय काय ठरलंय ते पाहूनच हा रस्ता घ्या.

टायरच्या चुऱ्याचं उलट असतं. तो डांबरापेक्षा जड, घनता १.१५ च्या आसपास, म्हणून तो तळाला बसतो. तिथं ढवळणं बंद करायचंच नाही. आणि प्लास्टिकच्या पन्न्या: त्या टाकीत टाकू नका बाप्पा, पॉलिथिन डांबरात बसतच नाही, ढवळणं थांबलं की लगेच वर येऊन जमतं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ९८ मधे ड्राय प्रोसेस दिली आहे ती याचसाठी, कतरण गरम गिट्टीवर टाकायची, ती गिट्टीला चिकटून पातळ थर देते आणि मग डांबर येतं. टाकीचा प्रश्नच मिटला. पीव्हीसी मात्र त्यात अजिबात नाही.

पायरी ३: घोटणं

बेस १८० अंशाला आणा, एसबीएस हळूहळू सोडा. एकदम पोतं ओतलं की गोळे होतात, त्या गोळ्यांची वरची कातडी फुगते आणि आत कोरडंच राहतं. हाय शिअर मिलमधून (कण चिरडून बारीक करणारी चक्की) पास करा, पासेस किती ते घड्याळ पाहून ठरवू नका, माल पाहून ठरवा. काचेची दांडी बुडवून वर काढा, उजेडात धरा, थर गुळगुळीत उतरतो की त्यात रव्यासारखे दाणे दिसतात ते पाहा. दाणे दिसले तर अजून फिरवा. खरा पुरावा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली मिळतो, निळ्या उजेडात पॉलिमर पिवळं-हिरवं चमकतं आणि कण बारीक सारखे पसरलेत की बेटं झालीत ते सरळ दिसतं. प्लांटवर हे यंत्र कुठून असणार, पण मोठ्या कामाला एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या किंवा प्रायव्हेट लॅबमधून निदान एकदा करून घ्यावं.

१९० च्या वर जाऊ नका. लवकर पचावं म्हणून ऑपरेटर २०० ला नेतात आणि माल पातळ, मस्त एकजीव दिसतो, पण तो एकजीव झालेला नसतो, एसबीएसच्या साखळ्या तुटलेल्या असतात. असा माल वेगळा होत नाही हे खरं, कारण वेगळं व्हायला पॉलिमर उरलेलंच नसतं.

पायरी ४: सल्फर, आणि इथं जपून

नुसतं बारीक करून एसबीएस गरम टाकीत टिकत नाही, ते परत एकत्र येतं. सल्फर ब्युटाडाइनच्या दुहेरी बंधांना पकडून साखळ्या एकमेकांना बांधतं, त्याने जाळं तयार होतं आणि कण हलत नाहीत. प्रमाण अगदी कमी, डांबराच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे १० टन डांबराला ३.५ टक्क्यांनी ३५० किलो एसबीएस आणि सल्फर १० किलो. एवढंच. जास्त टाकलं की माल जेली होतो, अ‍ॅजिटेटर (टाकीतला ढवळणारा पंखा) अडकतो, आणि ती जेली परत पातळ करायचा उपाय नाही, टाकी खरवडत बसावं लागतं. म्हणून लॅबमधे ०.०५, ०.१, ०.१५ असं करून पाहा, प्रत्येकाची १३५ अंशाला व्हिस्कॉसिटी घ्या (सुपरपेव्हमधे वरची मर्यादा ३ पास्कल-सेकंद आहे, त्याच्या खूप खाली राहिलेलं बरं, नाहीतर पंप ओढत नाही), आणि ज्यात ट्यूब टेस्ट पास होते त्यातलं सगळ्यात कमी प्रमाण निवडा.

क्रम महत्त्वाचा. आधी एसबीएस पूर्ण पचू द्या, मगच सल्फर. आधी टाकलं तर गोळे जसे आहेत तसेच बांधले जातात. सल्फर थोड्या तेलात कालवून थोडं थोडं सोडा, मग १७५-१८० ला हळू ढवळत दोन-तीन तास मुरू द्या, हाय शिअर आता नको, बांधलेलं जाळं परत तोडायचं नाही आपल्याला.

आता धोका. गरम डांबरात सल्फर गेलं की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, मग वास येणंच बंद होतं, वायू गेला म्हणून नाही तर नाक बधिर झालं म्हणून. हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या डोक्यात आणि खड्ड्यात साठतो. मॅनहोलवर वाकून पाहायचं नाही, कितीही काम अडलं तरी. गॅस मीटर गळ्यात, वारा पाठीवर, एक्झॉस्ट चालू, आणि दुसरा माणूस नजरेच्या टप्प्यात. सल्फरची पावडर हवेत उडाली तर ठिणगीने पेट घेते, त्यामुळे पोतं आपटून रिकामं करणं बंद. बाजारात सल्फर-डोनर प्रकारची अ‍ॅडिटिव्ह मिळतात, त्यात वायू कमी निघतो, महाग पडतात, पण तुमच्याकडे गॅस मीटर आणि एक्झॉस्ट नसेल तर साधं सल्फर वापरूच नका असं मी म्हणेन.

पायरी ५: ट्यूब टेस्ट

ही टेस्ट स्वस्त आहे आणि सगळं खरं खोटं हीच सांगते. साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, १४० मिलिमीटर लांब अ‍ॅल्युमिनियमची नळी, एका टोकाला बंद. नीट ढवळलेला गरम माल ५० ग्रॅम ओता, वरचं तोंड दाबून दुमडून बंद करा, १६३ अंशाच्या ओव्हनमधे ४८ तास उभी ठेवा. उभी म्हणजे उभीच, स्टँडमधे, ट्रेमधे तिरकी टेकवलेली नाही. मग न हलवता काढून सरळ फ्रीजरमधे, उणे ७ च्या आसपास, निदान ४ तास. घट्ट झाली की तीन सारखे तुकडे कापा, मधला फेका, वरच्याचा आणि खालच्याचा वेगवेगळा सॉफ्टनिंग पॉइंट काढा. फरक ३ अंशांपर्यंत चालतो.

रिंग अँड बॉल म्हणजे सॉफ्टनिंग पॉइंटची टेस्ट करताना एक गोष्ट, ७६ ग्रेडच्या मालाचा सॉफ्टनिंग पॉइंट ८० च्या वर जाऊ शकतो, आणि वरच्या तुकड्याचा तर नक्कीच, तेव्हा बीकरमधे पाणी नाही, ग्लिसरीन पाहिजे. ताप मिनिटाला ५ अंशांनीच वाढवा, घाई केली की दोन रिंगांतच फरक येतो आणि मग भांडण कशावर चाललंय तेच कळत नाही.

रिझल्ट वाचताना नुसता फरक पाहू नका, तिसरा आकडा पण घ्या, ओव्हनमधे घालायच्या आधीचा. समजा सुरुवातीला ७८ होता. वर ९०, खाली ६० आला तर सरळ सेपरेशन आहे, पायरी १ आणि ४ परत पाहा. वर ७७, खाली ७६ आला तर छान. पण वर ६६ आणि खाली ६५ आला तर? फरक १ अंशाचाच, रिपोर्टवर पास लिहून येईल, पण पॉलिमर तापाने मेलेलं आहे. असे रिपोर्ट फाइलला लावलेले असतात आणि कुणी तिसरा आकडा मागत नाही. इलास्टिक रिकव्हरी वर-खाली दोन्ही तुकड्यांची घेता आली तर अजून चांगलं, १५ अंशाच्या पाण्यात १० सेंटिमीटर ताणून मधे कापायचं आणि तासाभराने किती परत आलं ते मोजायचं.

पायरी ६: प्लांटवरची टाकी

समजा माल चांगला आला. बुटीबोरीकडे असो की उमरेड रोडवर, टाकी कशी आहे त्यावर पुढचं अवलंबून. उभी टाकी आडव्या टाकीपेक्षा चांगली, तिच्यात मालाचा वरचा उघडा भाग कमी असतो आणि अ‍ॅजिटेटर सगळीकडे पोचतो. आपल्याकडे बहुतेक आडव्याच टाक्या असतात, ज्यात फक्त सर्क्युलेशन पंप असतो. मग निदान सक्शन एका टोकाला तळाशी आणि रिटर्न दुसऱ्या टोकाला करा, आणि रिटर्नचा पाइप मालात बुडलेला ठेवा, वरून धबधब्यासारखा पडला तर हवा मिसळून माल ऑक्सिडाइज होतो. सक्शन आणि रिटर्न शेजारी शेजारी असले तर तोच दोनशे लिटर माल गोल गोल फिरतो, बाकीची टाकी जागची हलत नाही.

तापवायला हॉट ऑइलची कॉइल पाहिजे. थेट बर्नरवाली टाकी पीएमबीला नकोच, नळीजवळचा माल जळून कोळसा होतो आणि थर्मामीटर मात्र १६५ दाखवत राहतं कारण ते दुसऱ्या टोकाला बसवलंय. लेव्हल कॉइलच्या खाली गेली तर हीटर बंद. मिक्सिंगच्या वेळी डांबर साधारण १६५ ते १८५ मधे लागतं, सप्लायरचा चार्ट असतो तोच पाळा, पण काम नसताना १७० वर ठेवून देऊ नका. उद्या दुपारीच लागणार असेल तर १४० च्या आसपास उतरवा, अधूनमधून फिरवत राहा, सकाळी हळूहळू चढवा, आणि पहिला डंपर भरायच्या आधी अ‍ॅजिटेटर किंवा पंप निदान तासभर चालू पाहिजे. तापवा-थंड करा-तापवा हे चक्र जितकं कमी तितकं बरं. लाइट गेली की अ‍ॅजिटेटर थांबतो, म्हणून जनरेटरवर पहिलं कनेक्शन त्याचं, ऑफिसच्या कूलरचं नाही.

वेगळं होतंय हे टेस्टच्या आधी डोळ्यालाही दिसतं. वर रबरासारखी साय येते, दांडीने उचलली तर लोंबते. पंपाची जाळी वारंवार चोक होते. पेव्हरवाला म्हणतो की एक गाडी पातळ आली, दुसरी ओढतच नाही. यातलं काही दिसलं की सॅम्पल वरून, मधून, खालून वेगवेगळं घ्या, व्हॉल्व्हमधला पहिला माल बादलीत सोडून मग. एकाच व्हॉल्व्हमधून काढलेले तीन डबे म्हणजे एकच सॅम्पल झालं. मार्शल टेस्टचे (मिक्सची ताकद मोजायची) गोळे करणार असाल तर तेही अशाच वेगवेगळ्या मालाचे करा, उष्ण हवामानात मॉडिफाइड डांबराच्या मिक्सला ६० अंशाला किमान १२ किलोन्यूटन स्टॅबिलिटी मागतात, आणि वरच्या मालाचा गोळा ती आरामात देतो, खालच्याचं सांगता येत नाही.

दोन सप्लायरचं पीएमबी एका टाकीत मिसळू नका. तळाला व्हीजी-३० उरलं असेल तर त्यावर पीएमबी ओतू नका, पाच टनांत एक टन साधं डांबर मिसळलं की ग्रेड गेलाच समजा.

माल वेगळा झालाच तर

१७० ते १८० ला नेऊन दोन-तीन तास जोरात फिरवा, मग वर-खाली सॉफ्टनिंग पॉइंट घ्या. जुळले आणि मूळ आकड्याच्या जवळ असले तर त्याच दिवशी संपवा, रात्रभर ठेवलात तर परत तेच होणार कारण त्यात जाळं बनलेलंच नाही. जुळले पण आकडे खाली आलेत, किंवा इलास्टिक रिकव्हरी पडली, तर तो पीएमबी राहिला नाही, जे काही आहे त्याची टेस्ट करून कमी महत्त्वाच्या कामाला लावा आणि बिलात पीएमबी लिहू नका. जुळलेच नाहीत तर सप्लायरला फोन, आणि तो येईपर्यंत तीन डबे सील करून ठेवा, प्रत्येकावर जागा, तारीख, वेळ आणि त्या वेळचा ताप लिहिलेला.

पावसाळा बसायच्या आधी टाकी रिकामी करा. जूनमधे पाऊस लागला की काम सप्टेंबरपर्यंत बंद, आणि तीन महिने टाकीत गार पडून असलेलं पीएमबी ऑक्टोबरला तापवून वापरायचा विचारही करू नका. शेवटचा माल काढून झाला की थोडं गरम व्हीजी-१० आत फिरवून पाइप आणि पंप धुऊन घ्या, ते धुतलेलं डांबर प्लांटच्या आवारातले खड्डे भरायला चालतं.